गॅरेजचं शटर: आधी झाडा, मग धुवा, तेल सगळ्यात शेवटी

शटर करकरायला लागलं की आपला पहिला हात जातो तो ऑइलच्या डब्याकडे. मोटरसायकलचं काढून ठेवलेलं जळकं ऑइल घरात असतंच. ते दोन्ही गाइडमध्ये, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली सरकतं त्या बाजूच्या उभ्या खाचांमध्ये, ओतायचं, चार वेळा शटर वर-खाली करायचं, झालं काम. दोन दिवस शटर लोण्यासारखं चालतंही. मग मे महिन्याची धूळ त्यावर बसायला लागते.

मी हेच केलं होतं. नागपूरला आमच्या त्रिमूर्ती नगरच्या घरी एका सकाळी साडेआठला शटर कमरेइतकं वर आलं आणि तिरकं होऊन अडकलं. गाडी आत, मुलीचा पेपर नऊला. तिला शेजारच्यांच्या स्कूटरवर पाठवलं आणि मिस्त्री बोलावला. त्याने गाइडमध्ये बोट घातलं, आतून सुपारीएवढा काळा गोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "साहेब, हे ऑइल नाही राहिलं जी आता. डिंक झाला हा."

तेव्हापासून मी वर्षातून दोनदा हे काम ठरलेल्या क्रमाने करतो. वस्तीतल्या निम्म्या लोकांचा क्रम अजून उलटाच आहे: आधी तेल, मग पाण्याचा पाइप, मग ओलं शटर वर गुंडाळून ऑफिसला. म्हणून सविस्तर लिहितोय. सगळं वर्णन पत्र्याच्या पट्ट्यांच्या रोलिंग शटरचं आहे, हाताने ओढायचं असो की मोटरचं.

## कधी करायचं

पहिली खेप मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. उन्हाळाभर साचलेली धूळ पहिल्या पावसात भिजली की तिचा चिखल होतो आणि तो गाइडमध्ये वाळून बसतो. तो नंतर काढण्यापेक्षा आधी धूळ काढणं फार सोपं. दुसरी खेप पाऊस गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधे.

वेळ सकाळी सहा ते नऊ. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्या दिवसांत दहानंतर पश्चिमेकडच्या शटरला हात लावून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी टाकलं की ते पुसायच्या आत वाळतं आणि पांढरे ओघळ राहतात. हे ओघळ पुन्हा धुतले तरी सहज जात नाहीत.

## टप्पा १: शटर ओळखा, सामान जमवा

आधी दोन गोष्टी बघून ठेवा.

पहिली, पत्रा कोणता. जुना ओरखडा शोधा. तिथे तपकिरी गंज दिसला तर साधं लोखंड, त्यावर रंग. ओरखड्याखाली चंदेरी थर दिसत असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा. रंग गुळगुळीत, एकसारखा आणि कारखान्यातून आल्यासारखा असेल तर बहुधा पावडर कोटिंग. चुंबक लावून काही कळत नाही, कारण लोखंड तिन्हींत आहेच. पुढे साबण, पॉलिश पेपर आणि प्रायमर निवडताना हे लागेल.

दुसरी, शटर केवढं. टेप लावा. भारतीय मानक आयएस ६२४८ नुसार हाताने ओढायचं साधं शटर ८ चौरस मीटरपर्यंत असावं, बॉल बेअरिंग असेल तर १२ पर्यंत. त्याहून मोठ्याला गिअर हवा. १० फूट बाय ८ फूट म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर, इथवर ठीक. पण १२ बाय ९ चं शटर घेतलं तर ते १० चौरस मीटर होतं. त्याला बेअरिंग नसेल तर ते जन्मभर जडच चालणार, कितीही तेल पाजा. असं शटर असलेल्यांनी वंगणावर पैसे घालण्याआधी मिस्त्रीला बेअरिंगचं विचारावं.

सामान असं: घडीची शिडी, मऊ कुंचा, जुने दोन टूथब्रश, जुन्या सुती बनियनी, दोन बादल्या, गाडी धुवायचा शाम्पू, रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन, सिलिकॉन स्प्रे, थोडं ग्रीस, कुलपासाठी ग्रॅफाइट पावडर, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, टॉर्च, ओळंबा आणि एक ग्रिप प्लायर (आवळली की तशीच धरून राहणारी पकड). इतवारीच्या बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. ओळंबा मात्र विकत घेऊ नका, सुतळीला जड नट बांधला की झालं.

गाडी आणि स्कूटर बाहेर काढा. मोटर असेल तर तिचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा मुख्य खटका, खाली पाडा. भिंतीवरचं बटण बंद करून भागणार नाही, कारण घरात कोणीतरी रिमोट दाबतंच.

थांबा: शटरच्या वरच्या पाइपवर पिळलेल्या स्प्रिंगा असतात. १० बाय ८ चं शटर ७० किलोच्या पुढे भरतं आणि तुम्ही ते एका हाताने उचलता ते या स्प्रिंगांच्या जोरावर. पाइपच्या दोन टोकांचे ब्रॅकेट, त्यांचे बोल्ट आणि खिळ्या यांना पाना लावायचा नाही. बोल्ट ढिला झाला की तो जोर एका क्षणात सुटतो. हे पूर्ण काम मिस्त्रीचं.

## टप्पा २: हात लावण्याआधी तपासणी

धुतल्यावर सगळंच चांगलं दिसतं, म्हणून दोष आधी शोधायचे.

तोल. हाताचं शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा. पूर्ण सोडू नका. पायाची बोटं शटरच्या खाली नकोत आणि पट्ट्यांच्या सांध्यात हाताची बोटं तर मुळीच नकोत. शटर तिथेच थांबलं किंवा जरासं सरकलं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली जायला बघत असेल तर स्प्रिंगचा जोर उतरलाय. स्वतःहून वर पळत असेल, खाली ओढायला लटकावं लागत असेल, तर ती जास्त पिळली आहे. दोन्ही ठिकाणी तेलाचा काही उपयोग नाही. मोटरच्या शटरवर ही परीक्षा करू नका, तिथे मोटर आणि गिअरने ते धरून ठेवलेलं असतं.

आवाज. एकसारखी खरखर म्हणजे गाइडमध्ये धूळ. ठराविक उंचीला एकदाच "टक" म्हणजे एखादी पट्टी वाकलेली किंवा बाजूला सरकलेली. वरून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज म्हणजे पाइप, बेअरिंग किंवा ब्रॅकेट. बऱ्याच घरांत या तिसऱ्या आवाजावर गाइडमध्ये तेल ओततात. पाय दुखतो आणि मलम हाताला.

गाइड सरळ आहेत का. नागपुरात हे कोणी तपासत नाही आणि इथेच ते सगळ्यात जास्त लागतं. आपल्या खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कंपाउंडच्या भिंतीला ज्या तिरप्या भेगा जातात, त्याच हालचालीत गॅरेजचे खांबही थोडे हलतात, विशेषतः गॅरेज घराला नंतर जोडलेलं असेल आणि पाया उथळ असेल तर.

शटर वर करून दोन गाइडमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर असं तीनदा मोजा. तिन्ही आकडे ५ मिलिमीटरच्या आत जुळले तर मी पुढे जातो. मग प्रत्येक गाइडला ओळंबा लावून बघा. आमच्याकडे मेमध्ये खाली ३०५२ आणि वर ३०४९ येतं. ऑगस्टमध्ये खालचा आकडा ३०४७ वर उतरतो. हे आकडे मी गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलने महिन्यासकट लिहून ठेवलेत. पावसाळ्यात शटर जड का होतं याचं उत्तर त्या भिंतीवर आहे: गाइड जवळ येऊन पट्ट्यांची टोकं घासतात. एवढा फरक चालून जातो. पण दरवर्षी तो वाढतच चालला असेल, तर तेल सोडा आणि बांधकामाच्या माणसाला पाया दाखवा.

## टप्पा ३: कोरडी झाडणी, वरून खाली

सुरुवात बॉक्सपासून, म्हणजे शटर वर ज्यात गुंडाळलं जातं त्या पेटीपासून. शिडीवर चढून आधी फक्त टॉर्च मारा. कुंभारीण माशीची मातीची घरं, पालीची अंडी, मैनेचं घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, यातलं काहीही तिथे निघतं. गांधीलमाश्या दिसल्या तर शिडीवरून उतरा आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत वाट बघा. रिकामं घरटं मात्र काढायलाच हवं. एक काडी पाइपवर गुंडाळणाऱ्या पट्ट्यांमध्ये गेली की शटर तिरकं व्हायला तेवढं पुरतं.

मग शटर पूर्ण खाली घेऊन आधी आतली बाजू, नंतर बाहेरची बाजू कोरड्या कुंच्याने झाडा. कुंचा आडवा, पट्टीच्या खोबणीतून फिरवायचा. उभा फिरवला की धूळ एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात जाते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना राखेचा बारीक थर मिळेल. तो दिसायला हलका, पण ओला झाला की लगद्यासारखा चिकटतो. त्यांनी झाडणी दोनदा करावी.

गाइड अजून राहू द्या. वरची सगळी धूळ तिथेच पडणार आहे.

## टप्पा ४: गाइड खरवडणे

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ याला द्या. मी दोन्ही गाइडला मिळून पाऊण तास देतो आणि धुण्याला अर्धाच.

शटर पूर्ण वर करा. खाली असताना पट्ट्या गाइडमध्येच बसलेल्या असतात, आत हात जात नाही. वर नेल्यावर खालच्या पट्टीच्या लगेच खाली गाइडच्या कडेला ग्रिप प्लायर घट्ट आवळा, म्हणजे काही कारणाने शटर सुटलंच तर तिथे अडेल.

आधी कोरडा ब्रश वरून खाली. मग एका बनियनीला थोडं टर्पेंटाइन लावून आतून पुसत या. जुनं ऑइल-ग्रीस असेल तर लाकडी पट्टीला ओली चिंधी गुंडाळा, वीतभर भाग पाच मिनिटं भिजू द्या आणि खरवडा. लोखंडी पटाशी नको, आत ओरखडे पडले की पुढचा गंज तिथूनच धरतो. काळा चिखल निघत राहतो. चिंधी बदलत राहा. एका गाइडला चार चिंध्या लागल्या तर समजा मागच्या मालकानेही तुमच्यासारखंच तेल पाजलं होतं.

खालच्या टोकाला, जिथे गाइड फरशीत जाते, तिथे वाळू, सुपारीचे तुकडे, कधी एखादा स्क्रू असं बूच बसलेलं असतं. ते टूथब्रश आणि वाकवलेल्या तारेने उकरून काढा. शटर जमिनीला पूर्ण टेकत नाही ही तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते.

थांबा: टर्पेंटाइन पेट घेतं. काम चालू असताना विडी-सिगारेट, उदबत्ती, गॅस गीझर काही नको. वापरलेल्या चिंध्या गोळा करून गॅरेजमध्ये ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा आणि मग टाका.

तपासा: बोटाला पांढरं फडकं गुंडाळून गाइडच्या आत वरून खाली फिरवा. फडकं करडं झालं तर चालेल. काळं आणि चिकट असेल तर अजून काम आहे. ते सोडून पुढे गेलात तर शेवटचा स्प्रे त्याच चिकट्यावर बसेल.

## टप्पा ५: धुणे

शटर खाली. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. पाण्याचा हलका हात देऊन शाम्पू खालच्या पट्टीपासून वर लावत जा. वरून लावलं तर मळकं पाणी खालच्या कोरड्या पट्ट्यांवर ओघळतं आणि रेषा राहतात. खंगाळताना उलट, वरून खाली. एका वेळी तीन-चार हात रुंदीचा भागच घ्या.

शेवटचं खंगाळणं शक्यतो नळाच्या पाण्याने. बऱ्याच वस्त्यांत बोअरचं पाणी जड आहे, ते वाळलं की पांढुरकी पुटं धरतात. बोअरशिवाय इलाज नसेल तर ते पाणी पत्र्यावर वाळू देऊ नका, लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

इथे लोक तीन प्रकारे नुकसान करून घेतात. पहिलं, संडास धुवायचं अ‍ॅसिड. डाग झटक्यात जातो खरा, पण जीआयवर त्याच्याबरोबर जस्ताचा थरही जातो आणि पुढच्या पावसात तिथेच गंज फुटतो. दुसरं, गाडी धुवायचं जोराच्या पाण्याचं मशीन. ते पाणी सांध्यांतून आत, बॉक्समध्ये आणि मोटरपर्यंत जातं. तिसरं, भांड्याची तारेची घासणी. तिचे बारीक तुकडे पत्र्यात रुततात आणि आठवड्याभरात तांबडे ठिपके उठतात.

आत स्विचबोर्ड किंवा मोटर असेल तर आतली बाजू फक्त पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा.

वर खिडकीत कूलर असेल तर त्याच्या खालच्या पट्ट्या नीट बघा. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून त्याची गळती साध्या पाण्यापेक्षा वाईट. आमच्या शटरला पहिला गंज पावसाने आणला नाही, कूलरच्या थेंबाने आणला, ओळीने सहा पट्ट्यांवर, एकाखाली एक. कूलरची नळी वळवून घेतली आणि तो थांबला.

## टप्पा ६: वाळवणे

हा टप्पा गाळतात आणि मग दोन वर्षांत पट्ट्यांचे सांधे तांबडे होतात. शटर धुतल्यावर लगेच वर केलं की ओल्या पट्ट्या एकमेकींवर गुंडाळल्या जातात, आत हवा लागत नाही, पाणी दिवसभर तसंच राहतं.

फडक्याने पुसून घ्या, दोन तास खालीच राहू द्या. मग दोनदा सावकाश वर-खाली करा. सांध्यांत अडकलेलं पाणी खाली टपकेल. ते पुसा आणि परत तासभर खाली ठेवा. गाइडच्या तळाशी धुण्याचं पाणी उतरलेलं असतं, तेही कोरडं करा. म्हणूनच हे काम सुट्टीच्या दिवशी धरायचं आणि गाडी तेवढा वेळ बाहेर राहू द्यायची.

## टप्पा ७: गंज आणि रंग (लागलाच तर)

गंज नसेल तर सरळ पुढच्या टप्प्याला जा. उगाच रंगवू नका. प्रत्येक थराने पट्टी जाड होते आणि सांधे आवळतात.

गंज बहुधा सगळ्यात खालच्या पट्टीवर असतो, कारण पाणी तिथे थांबतं. शिवाय गल्लीतली कुत्री. साध्या लोखंडावर तारेचा ब्रश, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, चांगला पत्रा दिसेपर्यंत. टर्पेंटाइनने पुसा, वाळू द्या, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की पहाटेच्या दवाने परत तांबूस होतो. दुसऱ्या दिवशी इनॅमलचे दोन पातळ हात.

जीआयवर नेहमीचा रंग थेट मारला तर तो वर्षभरात पापुद्र्यासारखा निघतो. दुकानात "जीआयवर लावायचा एच (etch) प्रायमर" असं स्पष्ट सांगून मागा. छोट्या ओरखड्याला जस्ताचा स्प्रे पुरतो. पावडर कोटिंगवर तारेचा ब्रश चालवू नका, फक्त उडालेल्या जागेपुरतं काम करा.

पेंटर लोकांची एक सवय आहे: शटर बंद करून एकदम भरून हात मारायचा. रंग सांध्यात शिरतो, वाळतो आणि पट्ट्या एकमेकींना चिकटतात. सांध्यात ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायला सांगा आणि गाइडच्या आत रंग नको म्हणून आधीच बजावा. रंग हाताला कोरडा लागला तरी शटर पूर्ण गुंडाळायची घाई करू नका. निदान दोन दिवस खाली ठेवा, नाहीतर एका पट्टीचा रंग दुसरीच्या पाठीवर उमटतो.

## टप्पा ८: वंगण, शेवटी आणि थोडंच

गाइड: सिलिकॉन स्प्रे. दोन्ही बाजूंना वर, मध्ये, खाली एकेक छोटा झोत. शटर तीनदा वर-खाली करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. बोटाला ओलं लागता कामा नये. ग्रीस आणि इंजिन ऑइल गाइडमध्ये कधीच नाही, नवं असलं तरी. मेणबत्ती घासायचा जुना उपाय हिवाळ्यात बरा चालतो. पण आपल्याकडे मेमध्ये सावलीतच पारा ४५ च्या आसपास, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. मेण वितळतं आणि त्यावर परत धूळ. डब्ल्यूडी-४० अडकलेला नट सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून ते फार दिवस टिकत नाही. महिन्याभरात परत करकर.

पट्ट्यांचे सांधे: स्वच्छ असतील तर काही लावू नका. आवाज खुपतच असेल तर सिलिकॉन फडक्यावर मारून आतल्या बाजूने नुसतं फिरवा.

पाइपची टोकं: झाकण न उघडता बेअरिंग दिसत असेल तर मशीन ऑइलचे दोन थेंब. दिसत नसेल तर सोडा. स्प्रिंगांना ग्रीस मिस्त्री त्या उघडेल तेव्हा लावेल.

कुलूप: तेल नको. आत धूळ धरून किल्ली अडते. ग्रॅफाइट पावडर फुंका आणि किल्ली दहा वेळा फिरवा. पावडर नसेल तर किल्लीच्या दात्यांवर शिसपेन्सिल घासून तेच करा. बाजूच्या कडीच्या सळ्या मात्र फडक्याला थोडं ऑइल लावून पुसायला हरकत नाही.

माझं हे पुसणं चालू असताना समोरचे काकाजी फाटकाशी येऊन उभे राहतात. "काय करून राहिले जी एवढ्या सकाळी? दोन झारे ऑइल मारा न, वर्षभर पाहाचं काम नाही." त्यांचं शटर दोन वर्षांपासून दोन माणसं लावून उघडतं.

## टप्पा ९: मोटर असेल तर

वीज बंद ठेवूनच बाहेरची धूळ कोरड्या ब्रशने काढा. मोटरच्या आत कुठलाही स्प्रे मारायचा नाही. बाजूच्या मोटरला साखळी असेल तर ती पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. साखळीवर ग्रीस चालतं, कारण तिथे दाताला दात लागतो. धूळ बसली की पुसून परत लावायचं.

मग वीज चालू करण्याआधी हाताने उघडायची सोय तपासा. काहींना ओढायची साखळी असते, काहींना फिरवायचा दांडा. पहिल्याच वळिवात लाइट जाते आणि दांडा कुठे ठेवलाय हे घरात कोणालाच आठवत नाही. तो गॅरेजच्या आत खुंटीला टांगा. मात्र घरातून गॅरेजमध्ये यायला दुसरं दार नसेल तर दांडा घरात ठेवा, हे ओघानेच आलं.

वीज चालू केल्यावर:

- शटर वर आणि खाली ठरलेल्या जागी आपोआप थांबतं का. खाली टेकल्यावरही मोटर ओढत राहिली आणि पट्ट्या ढिल्या पडून फुगल्या, तर शटर कुठे थांबायचं ते ठरवणारा लिमिट स्विच सरकलाय.
- सेन्सर असेल तर त्याची काच मऊ फडक्याने पुसा आणि शटर खाली येताना मध्ये पुठ्ठ्याचं खोकं धरा. हात किंवा पाय नाही. शटर थांबलं नाही तर दुरुस्त होईपर्यंत रिमोट कपाटात.
- रिमोट जवळ आल्यावरच चालत असेल तर आधी सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टचा छोटा सेल असतो. जुना सेल दुकानात दाखवूनच नवा घ्या.

थांबा: तपासण्याच्या नादात मोटर सारखी चालवू नका. बऱ्याच ट्यूब मोटरींवर (पाइपच्या आत बसणाऱ्या मोटरी) सलग चालवायची मर्यादा ४ मिनिटं अशी लिहिलेली असते. तापली की ती स्वतःच बंद पडते. लोकांना वाटतं जळाली. अर्धा तास थांबा, मग बघा.

## टप्पा १०: खालची रबर आणि पावसाचं पाणी

रात्री गॅरेजमध्ये दिवा लावा, शटर बंद करा आणि बाहेरून खाली बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येईल आणि उंदीरही. रबर कडक होऊन तडकली असेल तर बदला. तेल लावून ती मऊ होत नाही, उलट फुगते आणि लवकर फाटते. फरशीच खोलगट असेल तर रबर जाड घेऊन भागत नाही, मिस्त्रीकडून उंबऱ्याला उतार काढून घ्या.

आणि पाणी आत शिरलंच तर? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मागे गाळ राहतो, अशा वेळी पहिली चूक रिमोट दाबण्याची होते. क्रम असा ठेवा: एमसीबी बंद. गाइडमधला गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने बाहेर काढा, तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. मग शटर हाताने, हळू, थोडं थोडं वर. खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी धुवा, वाळवा, मग सिलिकॉन. स्विचबोर्ड, सेन्सर किंवा मोटर पाण्याखाली गेली असेल तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय वीज द्यायची नाही.

## मधल्या महिन्यांत

महिन्यातून एकदा दहा मिनिटं: गाइडमध्ये कोरडा ब्रश, तळाशी साचलेली वाळू काढणे, बॉक्समध्ये टॉर्च. एप्रिल-मेमध्ये हे पंधरा दिवसांनी करा. स्प्रे दर महिन्याला मारायची गरज नाही, वर्षातून दोन खेपा पुरतात.

## मिस्त्रीला कधी बोलवायचं

वरून "फट्ट" असा आवाज आला आणि शटर एकदम जड झालं, तर स्प्रिंग तुटली आहे. पाइपवर एकापेक्षा जास्त स्प्रिंगा असतात, म्हणून एक गेली तरी शटर उघडतं, फक्त तिरकं आणि जड. तसंच ढकलत राहिलात तर उरलेलीवर सगळा भार येतो. ते खाली घ्या, कुलूप लावा आणि वापर बंद करा. गाडीचा जॅक लावून उचलायची कल्पना आमच्या गल्लीत एकाने करून बघितली आहे. खालची पट्टी कमानीसारखी वाकली आणि शटर होतं तिथेच राहिलं.

पट्टी बाजूला सरकून गाइडला घासत असेल, गाइड भिंतीतून सुटली असेल, ब्रॅकेटजवळ प्लास्टरला भेग दिसत असेल, तरीही त्यालाच बोलवा. तो आला की त्याच्याजवळ उभे राहा आणि तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: स्प्रिंगांना ग्रीस लागलं का, ब्रॅकेटचे बोल्ट आवळले का, आणि जाता जाता त्याने गाइडमध्ये ऑइल तर ओतलं नाही ना. आमच्या मिस्त्रीचा हातही मागच्या वेळी सवयीने डब्याकडे गेलाच होता.